जुन्या ओम्नीचा मागचा ब्रेक ड्रम निघत नाही. फोडण्याआधी काय करून पाहावे?

पांदणवाट (घाटंजी तालुका)

सर्व जाणकार सभासदांना नमस्कार. आमच्या घरी जुनी, कार्बोरेटरच्या इंजिनाची मारुती ओम्नी आहे. शेतावर खते-बियाणे नेणे आणि वेचणीच्या दिवसांत बायामाणसांना शेतावर सोडून परत आणणे या कामांसाठी ती अजूनही वापरात आहे. पावसाळ्यात आमची पांदण बंद होते, त्यामुळे मृगापासून पोळा उलटून जाईपर्यंत गाडी घरामागच्या टिनाच्या छपराखाली उभी होती, आणि जागा उताराची असल्यामुळे हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. आता वेचणी लागण्याआधी मागचे दोन्ही ब्रेक उघडून लायनर बघून घ्यावेत असे ठरवले.

उजव्या बाजूचा ड्रम थोडे ठोकल्यावर निघाला. डावीकडचे चाक मात्र हँडब्रेक सोडल्यावरही फिरत नव्हते. गाडी पुढे-मागे ढकलल्यावर आतून ‘कट्’ असा आवाज झाला आणि तेव्हापासून ते घासत का होईना, पण फिरते. चाक काढले आहे. ड्रम दोन्ही हातांनी धरून ओढला तर दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो आणि सोडला की परत आत जातो. मध्यभागी जिथे एक्सलचा गोल उंचवटा ड्रमच्या छिद्रात बसतो, तिथे तांबूस गंजाचे कडे दिसते.

जवळच्या गॅरेजमध्ये विचारले, तर गॅसने लाल करून घनाने पाडू, फुटला तर नवीन टाकू, असे उत्तर मिळाले. ड्रमची किंमत देण्याची तयारी आहे, परंतु त्या माराने एक्सलचे बेअरिंग, मागची प्लेट किंवा ब्रेकचा सिलिंडर खराब होईल अशी धास्ती वाटते. कृपया योग्य क्रम सांगावा.

वर्धाकाठ (हिंगणघाट)

भाऊ, ड्रमच्या सपाट तोंडावर, स्टडच्या मधल्या जागेत, आटे पाडलेली दोन लहान छिद्रे असतात. गंज आणि चिखल भरल्यामुळे ती पुष्कळदा दिसतच नाहीत. ती याच कामासाठी दिलेली आहेत. त्यांत ८ मिलिमीटरचे, १.२५ पिचचे दोन बोल्ट बसवून आळीपाळीने आवळले की बोल्टची टोके मागच्या फ्लँजवर, म्हणजे ड्रम ज्यावर बसतो त्या एक्सलच्या चकतीवर, टेकतात आणि ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. गाडीतलेच बोल्ट वापरले तर पाना बारा नंबरचा लागेल, हार्डवेअरच्या दुकानातून आणले तर बहुधा तेरा नंबरचा. आधी छिद्रातला गंज खिळ्याने खरवडून काढावा, तेल सोडावे आणि शक्य असेल तर टॅप फिरवून आटे साफ करावेत. ड्रम बिडाचा असतो, म्हणून आटे खराब असताना जोर लावला तर ते कायमचे जातात.

जुनाफिटर (हिंगणा)

वर सांगितलेली बोल्टची युक्ती योग्यच आहे, पण ती वापरण्यापूर्वी ड्रम नेमका कुठे धरला गेला आहे हे ठरवणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. मी हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत नोकरी केली. बसचे ड्रम मोठे असतात आणि ब्रेक हवेचे असतात, परंतु तिथेही आधी स्लॅक अ‍ॅडजस्टर मागे फिरवून लायनर ड्रमपासून दूर केल्याशिवाय कोणी ड्रमला हात लावत नसे. ड्रम आतून धरलेला असताना बाहेरून कितीही जोर केला, तरी तो जोर शेवटी आतल्या स्प्रिंगा, पिना आणि सिलिंडर यांच्यावरच जातो.

अडकण्याच्या जागा मुख्यतः तीन असतात. पहिली म्हणजे मध्यभागचे गंजाचे कडे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जिथे मुळात केसभर फट असते तिथे तो पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. अशा वेळी ड्रम अजिबात हलत नाही. ओढला तरी दगडासारखा स्थिर राहतो. दुसरी जागा लायनरची. ओलसर हवेत हँडब्रेक ओढून गाडी उभी राहिली की लायनर आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटतात आणि चाक फिरतच नाही. तुम्ही ऐकलेला ‘कट्’ आवाज बहुधा ही चिकट सुटल्याचा असावा. तिसरी जागा ड्रमच्या आतल्या कडेची. लायनर जिथे घासतो तिथे ड्रम वर्षानुवर्षे झिजत जातो, पण अगदी कडेला लायनर पोचत नसल्यामुळे तिथे मूळ जाडीची पाळ शिल्लक राहते. ड्रम बाहेर येऊ लागला की लायनर त्या पाळीला अडतो.

आता तुमचे वर्णन पाहा. ड्रम दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो आणि सोडल्यावर आत ओढला जातो. याचा अर्थ मधले कडे त्याला धरून नाही, किंवा निदान पूर्ण धरून नाही. त्याला आत ओढणारी वस्तू म्हणजे ब्रेक शू (ज्यांवर लायनर बसवलेला असतो ते अर्धगोल भाग) मागच्या प्लेटला दाबून धरणाऱ्या पिनांच्या स्प्रिंगा. तेव्हा शू पाळीत अडकलेले आहेत, आणि ते अडकण्याचे कारण असे, की ते पूर्ण मिटलेले नाहीत. ते का मिटत नाहीत याचा शोध घ्या. त्यासाठी दोन तपासण्या पुरेशा आहेत.

एक, मागच्या प्लेटवरचे, ब्रेकची हवा काढण्याचे निपल सैल करा. ब्रेक ऑइल जोराने उडाले आणि ड्रम लगेच मोकळा झाला, तर दाब सिलिंडरात अडकलेला होता असे समजावे. मात्र अशा सलग एक्सलच्या गाड्यांत बहुधा दोन्ही चाकांसाठी एकच रबरी होज वरून एक्सलपर्यंत आलेला असतो. तो आतून फुगला असता तर उजवा ड्रमही असाच धरला गेला असता. दोन, गाडीखाली जाऊन हँडब्रेकची केबल पाहा. लिव्हर खाली केल्यावर डाव्या केबलची आतली तार परत जाते की ओढलेलीच राहते, ते हाताने हलवून बघा. माझा संशय केबलवर आहे.

काम सुरू करण्याआधी आणखी एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्यावी. ओम्नी मागच्या चाकांवर चालते आणि या कामासाठी हँडब्रेक सोडावा लागतो. एक मागचे चाक उचलल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून ती धरली जाईल, या भरवशावर राहू नका. डिफरन्शियलमुळे उचललेली बाजू मोकळी फिरू शकते आणि त्याच वेळी जमिनीवरचे चाक पुढे सरकू शकते. अडकलेला ड्रम जोवर अडकलेला आहे तोवर गाडी स्थिर वाटते, आणि ज्या क्षणी तो सुटतो त्याच क्षणी ती लोळू लागते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावा, एक्सलखाली लोखंडी घोडी ठेवा, आणि जागा काळ्या मातीची असेल तर जॅक व घोडी यांच्याखाली जाड फळी टाका. वरून कोरडी दिसणारी काळी माती वजनाखाली खचते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालू नये.

कोळसापट्टी (वणी)

फिटर काकांचा अनुभव मोठा आहे, तरी थोडे वेगळे मत मांडतो. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांची कामे दिवसरात्र चालतात आणि गरम केल्याशिवाय कित्येक ड्रम सुटत नाहीत. बाहेरचा ड्रम तापून फुगतो, आतला फ्लँज थंड राहतो, आणि गंजाची पकड सुटते. हे शास्त्रालाही धरून आहे. मग ओम्नीलाच गॅस का नको?

जुनाफिटर (हिंगणा)

प्रश्न रास्त आहे. गरम करण्याचा फायदा फक्त पहिल्या प्रकारात, म्हणजे मधल्या गंजाच्या कड्यावर होतो. लायनर पाळीत अडकला असेल तर ड्रम तापवून पाळ नाहीशी होत नाही. इथे ड्रम हलतो आहे, म्हणून गॅसचा उपयोग नाही.

तोट्यांबद्दल सांगायचे तर, लहान गाडीत सगळे भाग एकमेकांच्या फार जवळ असतात. ड्रम लाल होईपर्यंत तापवला की सिलिंडरचे रबरी कप, एक्सलचे ऑइल सील आणि बेअरिंगमधले ग्रीस या तिन्हींना धग लागते. ब्रेक ऑइल पेट घेऊ शकते. बीड असमान तापून लगेच थंड झाले की त्याला तडा जाऊ शकतो. मधले कडे खरोखरच सुटत नसेल आणि सिलिंडर व सील बदलायचे आधीच ठरलेले असेल, तरच फक्त मध्यभागी, बेताने धग द्यावी. तीही कापसाची गंजी, कडबा, डिझेलचे डबे यांच्यापासून पुष्कळ दूर. घरामागच्या छपराखाली ते काम करू नये.

तूरपेर (दर्यापूर)

ड्रम निघाल्यावर आत जी काळी भुकटी असते, ती आमच्याकडे सगळे तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकून काढतात. ते बरोबर आहे का? घरात लहान मुले आजूबाजूला असतात म्हणून विचारते.

जुनाफिटर (हिंगणा)

ताई, विचारलेत ते फार चांगले केले. मुळीच फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत बराच वेळ तरंगतात. भुकटीवर साबणाचे पाणी हलकेच शिंपडून ती ओली करावी, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. नाकातोंडावर चांगला मास्क लावावा. मुलांना तेवढा वेळ अंगणात येऊ देऊ नये, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवू नयेत.

पांदणवाट (घाटंजी तालुका)

काका, आपण सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या. निपल उघडल्यावर ऑइल नुसते झिरपले, उडाले नाही, आणि ड्रममध्ये काहीही फरक पडला नाही. केबलचा संशय मात्र खरा ठरला. लिव्हर पूर्ण खाली असताना उजव्या केबलची तार हाताने सहज मागेपुढे होते, डावी मात्र सळईसारखी ताठ आहे. तिच्या बाहेरच्या नळीचे रबर एक्सलजवळ फाटलेले आहे आणि फाटलेल्या जागी काळी माती अशी घट्ट बसली आहे की ती स्क्रू ड्रायव्हरने कोरून काढावी लागली. आता पुढे काय करावे?

जुनाफिटर (हिंगणा)

हेच मूळ कारण. आपल्याकडची माती पाणी प्याली की फुगते. फाटलेल्या नळीत चिखल शिरतो, तार त्यात रुतते, आणि ऊन पडल्यावर तो वाळून कडक होतो. तार ओढताना लिव्हरचा जोर असतो म्हणून ती ओढली जाते, परत जाताना मात्र फक्त स्प्रिंगेचा जोर असतो, आणि तो पुरत नाही.

पुढचा क्रम असा ठेवा. जिथे दोन्ही केबल लिव्हरकडच्या दांडीला जोडल्या आहेत, तिथला नट पूर्ण सैल करून डावी केबल सोडवून घ्या. ब्रेककडच्या टोकाला तेल सोडून तार पक्कडीने आतल्या दिशेने ढकला. तार थोडी जरी परत गेली तरी आतला लिव्हर मिटतो आणि शू जवळ येतात. काही गाड्यांत मागच्या प्लेटवर रबरी बूच असते. ते काढून स्क्रू ड्रायव्हरने आतला लिव्हर ढकलता येतो, किंवा दातेरी चाकाचे अ‍ॅडजस्टर असेल तर ते उलटे फिरवता येते. दातेरी चाकाला आपोआप ताण देणारी पट्टी असेल, तर ती दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरने बाजूला धरावी लागते, नाहीतर चाक उलटे फिरत नाही.

त्यानंतर ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट लावा आणि प्रत्येकाला पाव-पाव फेराच द्या. मध्येमध्ये ड्रमच्या सपाट तोंडावर, स्टडच्या जवळून, गोलाकार ठोकत जा. ठोकताना मध्ये बाभळीचा ठोकळा धरा. कडेवर घाव घालू नका, कारण बिडाची कड आधी फुटते, आणि स्टडच्या आट्यांवर तर चुकूनही नाही. बोल्ट जड जाऊ लागले की थांबा, ड्रम थोडा परत आत ढकला, फिरवा आणि पुन्हा ओढा. अशा आत-बाहेर हालचालीने लायनर पाळीवरून एका बाजूने निसटतो.

एवढे करूनही न निघाल्यास शेवटचा उपाय उरतो. शू धरणाऱ्या पिनांची डोकी मागच्या प्लेटच्या बाहेरच्या बाजूला दिसतात. ती छन्नीने किंवा ग्राइंडरने उडवली की शू मोकळे होतात आणि ड्रम त्यांच्यासकट बाहेर येतो. पिना, स्प्रिंगा आणि वाट्या नव्या घ्याव्या लागतात, पण त्या स्वस्त असतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले तरी ही गाडी १९८४ पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे असे किरकोळ सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात.

पांदणवाट (घाटंजी तालुका)

ड्रम निघाला. पिना कापण्याची वेळ आली नाही. तार परत ढकलल्यावर ड्रम लगेच हलका फिरू लागला आणि बोल्ट व ठोकळा यांच्या मदतीने, वाकडातिकडा होत, हातात आला.

आतली स्थिती सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल. ड्रमच्या आतल्या कडेवरून नख फिरवले तर ते स्पष्टपणे पाळीला अडकते. मागच्या शूच्या लायनरची कड त्या पाळीवर घासून चकचकीत झाली आहे. ड्रमच्या घासण्याच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणी लायनरच्या आकाराचे गंजाचे पट्टे उमटले आहेत, अगदी लायनरच्या खाचेसकट. सिलिंडरचे रबरी टोपण उचलल्यावर खाली ओल दिसली. एक्सलच्या सीलजवळ मात्र कोरडे आहे. आता ड्रम पुन्हा वापरावा की बदलावा?

लेथकाम (अमरावती)

आधी ड्रमला तडा आहे का ते पाहा. ड्रम धुऊन, कोरडा करून दोरीने टांगा आणि हलक्या हातोडीने वाजवा. चांगला ड्रम टणकन वाजतो आणि आवाज थोडा वेळ घुमतो. तडा असेल तर आवाज बसका येतो. तसा आवाज आला तर पुढे विचारच करू नका, ड्रम भंगारात घाला.

ड्रम शाबूत असेल तर त्यावर कोरलेले किंवा ओतलेले कमाल व्यासाचे माप शोधा. लेथवर कातून गंजाचे पट्टे आणि पाळ दोन्ही निघतात, परंतु कातल्यानंतरचा व्यास त्या मापाच्या आतच राहिला पाहिजे. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि फाकतो, म्हणून दहा-वीस रुपयांच्या हिशेबाने माप ओलांडू नये. व्यास मोजायला व्हर्नियर असलेला लेथवाला गाठा, नुसत्या पट्टीने मोजणारा नको. एका बाजूचा ड्रम कातला तर दुसऱ्या बाजूचाही तितकाच कातून घ्या, नाहीतर दोन बाजूंचा ब्रेक सारखा लागत नाही आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सरकतो. कातून झाल्यावर बाहेरची कड किंचित तिरपी करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी शू अडणार नाही.

जुनाफिटर (हिंगणा)

वरच्या सूचनेशी पूर्ण सहमत आहे. ओल दिसली म्हणजे सिलिंडरचे कप गेले. सील किट टाका, आणि आतल्या भिंतीला खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला. त्याचे रबरी भाग पेट्रोल-डिझेलने धुवू नका, ते फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवावेत. लायनरला तेल किंवा ब्रेक ऑइल लागले असेल तर तो घासून पुन्हा वापरू नये. लायनर बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. केबल तर नवीनच हवी. फाटलेल्या नळीत तेल सोडून ती एक पावसाळाही टिकत नाही.

बसवताना एक्सलचा गोल उंचवटा आणि ड्रमचे मधले छिद्र तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि त्यावर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. मागच्या प्लेटवर शू जिथे टेकून सरकतात, त्या उंचवट्यांवरही बोटाच्या टोकाने लावावे तेवढेच ग्रीस लावा. ते लायनरवर येता कामा नये. आधी शू आणि ड्रममधले अंतर जुळवा, पॅडल बरेचदा दाबून शू मध्यभागी बसू द्या, ब्रेकची हवा काढा, आणि या सगळ्यानंतरच हँडब्रेकची केबल ताणा. क्रम उलटा केला तर केबल शूला कायम थोडे उघडे ठेवते आणि हाच त्रास पुन्हा उद्भवतो. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नका. चाकांना दगड लावून आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवून द्या.

धुरा (पुसद)

याच विषयाला धरून एक प्रश्न विचारतो. माझ्या मामेभावाकडे जुनी जीप आहे. तिच्या मागच्या ड्रमच्या मध्यभागी मोठा नट आणि पिन आहे. नट काढला तरी ड्रम तसूभर हलत नाही. ओम्नीची रीत तिला चालेल का?

जुनाफिटर (हिंगणा)

नाही. मध्यभागी मोठा नट असेल तर बहुधा त्या एक्सलचे टोक निमुळते आहे आणि हब (ड्रम ज्यावर बसतो तो मधला भाग) त्यावर चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने, घट्ट बसलेला आहे. तिथे जोर गंजाचा नसून त्या निमुळत्या बैठकीचा असतो, आणि ती बैठक हब पुलरशिवाय सुटत नाही. पुलर स्टडला बांधायचा, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवायचा, ताण द्यायचा आणि मग पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक ठाम घाव घालायचा. तीन पायांचा पुलर ड्रमच्या कडेला अडकवू नका, कड वाकते किंवा फुटते. नट पूर्ण काढून ठेवू नका. तो काही आटे मागे घेऊन शाफ्टवरच राहू द्या. बैठक सुटते तेव्हा हब आणि ड्रम मोठ्या झटक्याने बाहेर येतात, आणि समोर बसलेल्या माणसाला त्या नटाशिवाय दुसरा आडोसा नसतो. काही जण नट सैल करून जीप थोडी चालवतात आणि बैठक सुटू देतात. तसे मामेभावांना करू देऊ नका. ताण देऊन रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी पुन्हा थोडा ताण वाढवून घाव घालावा. हब निघाल्यावर चावी आणि तिची खाच नीट पाहावी. चावी चेपलेली असेल तर ती बदलावी आणि नट परत बसवताना पिन नवीच वापरावी.